दहाचा मिस्ड कॉल

फोन दोनदा वाजला आणि बंद पडला.

मी आत भाकरी थापत होते. घड्याळात दहा वाजले होते. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाचा तरी चुकून लागला असेल. दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला पुन्हा दोनच रिंगा. तिसऱ्या दिवशी मात्र मी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच दाराआड जाऊन उभी राहिले. खिडकीतला फोन दोनदा वाजला आणि सोप्यात कॉटवर बसलेले आमचे हे उठले. नुसते उठले नाहीत, चालायला लागले. माजघराचा उंबरा ओलांडून, माझ्याकडं न बघता, सरळ मागच्या दारी गेले.

ज्या माणसाला गेले आठ महिने मी दोन्ही हात धरून, "चला, उचला पाय, लवकर" करत संडासापर्यंत नेत होते, तो माणूस फोन वाजला की सुटतो. आता सांगा, बायकोनं काय समजायचं?

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. गडहिंग्लजला आमचं तीन खोल्यांचं घर आहे. हे एस.टी.त ड्रायव्हर. नाव बसगोंडा, त्यामुळे नोकरी लागली तेव्हा गावात सगळे हसले होते, की देसायांच्या पोराच्या नावातच बस आहे. तीस वर्षं गाडी चालवली, कुणाच्या कोंबडीलाही धक्का लावला नाही. रिटायर झाल्यावर चार वर्षांनी उजवा हात थरथरायला लागला, मग आवाज बारीक झाला, मग पाय अडायला लागले. पार्किन्सन म्हणतात त्याला. चालता चालता दारात आले की पाय जमिनीला चिकटायचे. माणूस पुढं झुकायचा आणि पाय मागंच राहायचे. असे दोनदा पडले.

दुसऱ्यांदा पडले तेव्हा आमच्या मुलानं, विरूनं, पुण्याहून फोनवर निकाल दिला. बसव जयंतीला मी येतो, म्हणाला. आप्पा कॉटवरून उठून एकटे मागच्या दारी जाऊन आले तर राहा तिथं. नाहीतर घराला कुलूप लावायचं आणि दोघांनी पुण्याला यायचं. त्याचंही खरं होतं. माझ्या कमरेचा मणका सरकलेला, मी किती दिवस त्यांना ओढणार? पण सातव्या मजल्यावर, कुणाची ओळख नाही, दार उघडलं की समोर दुसरं बंद दार. एकदा गेले असते तर हे घर पुन्हा उघडलं नसतं, हे मला कळत होतं. बसव जयंतीला एकवीस दिवस होते.

डॉक्टरांच्याच सांगण्यावरून यांना व्यायामाच्या वर्गाला घातलं होतं. मंगल कार्यालयाचा हॉल लग्नाचा दिवस नसला की रिकामाच असायचा. तिथं आठवड्यातून पाच दिवस, संध्याकाळी पाच वाजता, मुल्ला मॅडम पार्किन्सनच्या आठ-दहा माणसांना व्यायाम शिकवायच्या. आफरीन मुल्ला, फिजिओथेरपिस्ट, वय तिशीच्या आत. गोड बोलायची, पण नियम कडक. घरच्या माणसांनी बाहेर बसायचं, आत यायचं नाही. दारं लावून घ्यायची. मला तेव्हाच खटकलं होतं. आत असा काय खजिना पुरलाय, की बायकोनं बघायचा नाही?

आणि दर वेळी बाहेर आल्यावर तेच कौतुक. "देसाई काका सगळ्यांत पुढं आहेत हं, काकू. आज हॉलच्या चार फेऱ्या मारल्या." मी म्हणायचे, घरी तर खांबासारखे उभे राहतात. मॅडम हसायची आणि म्हणायची, घरी तुम्ही जरा कमी बोला. मला राग यायचा. कालची पोर, मला संसार शिकवते.

मी मुळातच संशयी. दूधवाल्याच्या मापात वाकून बघणारी, भाजीवालीच्या तराजूखाली हात घालून बघणारी. खोटं कशाला बोलू? पण इथं संशयाला जागाच होती. वर्गात चालतात, घरी चालत नाहीत. घरी चालतात ते फक्त फोन वाजल्यावर. म्हणजे पायात बळ आहे, मन नाही. म्हणजे आठ महिने मला राबवून घेतायत की काय? कुठंतरी पाणी मुरत होतं. मी आडून आडून विचारून बघितलं, तर ताकाला तूर लागू देईनात. आणि त्या आजारात चेहराही हलत नाही. हसू नाही, राग नाही, चोरी केलीय की नाही ते कळायला मार्ग नाही. एरवी हा माणूस खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. आता कानही तसेच.

चौथ्या दिवशी हे आंघोळीला बसले असताना मी फोनमधला नंबर काढला आणि लावला.

"हं, बोला देसाई," बाईचा आवाज आला.

मी फोन कट केला. तो आवाज मी ओळखला होता. एक वेळ माणसाचा चेहरा विसरेन, पण हा आवाज मी तेरा-चौदा वर्षं मनात धरून ठेवला होता. भारती नाईक. एस.टी.तली कंडक्टर.

बायका कंडक्टर व्हायला नुकती सुरुवात झाली होती तेव्हा ही बाई यांच्या गाडीवर आली. गडहिंग्लज ते सावंतवाडी, मुक्कामी गाडी. संध्याकाळी आंबोली घाट उतरून जायचं, सकाळी परत यायचं. नवऱ्यानं टाकलेली, दिसायला ठसठशीत, बोलायला मोकळी. एकदा डेपोत डबा द्यायला गेले तेव्हा तिला यांच्याशी बोलताना ऐकलं, आणि आमच्या शेजारणीनं तिखटमीठ लावायचं काम चोख केलं. मी दोन महिने नवऱ्याशी एक शब्द बोलले नाही. मग एक दिवस हे कोल्हापूरच्या फेरीवर गेले आणि रोज संध्याकाळी घरी जेवायला यायला लागले. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. विषय मिटला, असं मी समजत होते.

आणि आता ही बाई रोज दहा वाजता दोन रिंगा देते, आणि आमचे हे उठून उभे राहतात.

त्या दिवशी वर्गाच्या वेळी मी बाहेरच्या बाकावर बसले नाही. मागच्या बाजूला स्वयंपाकाचं शेड होतं, तिथल्या खिडकीच्या काचेच्या फटीतून आतलं दिसायचं. तिथं उभी राहिले. आत माणसं हात वर करत होती, खुर्चीतून उठत होती, जमिनीवर ठेवलेल्या काठ्यांवरून पाय उचलून टाकत होती. मॅडम मोठ्यानं आकडे मोजत होती. हे हॉलच्या टोकाला उभे. मग एका खांबाजवळून टण टण आवाज आला, आणि हे चालायला लागले. खांबाजवळ तीच होती. वर्गाला आत जाताना कितीदा बघितली असेल, पण चेहऱ्यानं मी ओळखलीच नव्हती. केस पिकलेले, अंग उतरलेलं, एक हात दुसऱ्या हातानं दाबून धरलेला. मुठीत किल्ली. ती हसत होती. आणि माझ्या नवऱ्याचा चेहरा, जो माझ्यासमोर महिनोन्‌महिने हलला नव्हता, त्याच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

तिलाही तोच आजार आहे, हे मला त्या वेळी दिसलंच नाही. मला दिसलं ते एवढंच, की दोन टोले ही यांची खूण आहे. फोनच्याही दोन रिंगा, खांबावरही दोन टोले. काय समजायचं ते मी समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन बंद केला आणि तांदळाच्या डब्यात खुपसला. कोणाला काही बोलले नाही. म्हटलं, बघू आता कसे उठतात.

नऊला गोळी दिली. दहा वाजले. मी आत कांदा चिरत होते आणि कान बाहेर. हे खिडकीकडं बघत असणार, मला न बघताही कळत होतं. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. मला हाक मारली नाही. मी मनात म्हटलं, मार की हाक, लागते ना बायको आता. पावणेअकराला कॉट करकरली. मग दोन-चार पावलं घासत आल्यासारखी वाजली. मग धाड.

माजघराच्या दारात पालथे पडले होते. भुवई फुटली होती. धोतर ओलं झालं होतं. मी धावले, ओरडले, शेजारचे दोघं आले, त्यांनी उचलून बसवलं. शेजारी गेल्यावर मी पाणी आणलं, पुसून काढलं, दुसरं धोतर नेसवलं. हे माझ्याकडं बघत होते. चेहरा तसाच, काही न हललेला. डोळ्यांतून मात्र पाणी येत होतं. मग त्या बारीक आवाजात, मला वाकून ऐकावं लागलं, म्हणाले, "फोन चार्जिंगला लावलायस काय गं?"

मला रडायलाही लाज वाटली.

संध्याकाळी शेजारणीला यांच्याजवळ बसवलं आणि मी एकटीच कार्यालयात गेले. खरं सांगते, भांडायलाच निघाले होते. वाटेत शब्द जुळवत गेले. माझ्यामुळं माणूस पडला हे मला कळत होतं, पण मी फोन लपवला तो कुणामुळं? अशी स्वतःची समजूत घालत होते. दारात मुल्ला मॅडम भेटली. यांची चौकशी केली. मी पडल्याचं सांगितलं, फोनचं नाही. तेवढ्यात नाईक बाई पायरीवर आली. मला बघितलं आणि तिथंच थांबली. तिचा हात पाखराच्या पंखासारखा फडफडत होता, तो तिनं पदराखाली घेतला.

"सकाळी तुम्ही फोन बंद केला," ती म्हणाली. "मी चार वेळा लावला. तेव्हाच मला कळलं."

मी म्हटलं, "काय कळलं?"

"तुम्हाला नंबर सापडला ते."

मग ती पायरीवर खाली बसली. तिला उभं राहून बोलणं जमत नव्हतं. मी उभीच राहिले. तिनं सांगितलं ते असं. वर्गात पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना मॅडमच्या आकड्यांवर चालायचं होतं. एक, दोन, एक, दोन. सगळे निघाले, देसाई जागचे हलेनात. मॅडम दमली. हिनं बघितलं आणि कंडक्टरच्या हाताला सवय होती म्हणून किल्लीनं लोखंडी खांबावर दोन टोले दिले. देसाई निघाले ते समोरच्या भिंतीला जाऊन टेकले. सगळे हसले. मॅडम मात्र हसली नाही. ती म्हणाली, हेच पाहिजे. या आजारात चालायचं कसं ते माणूस विसरत नाही, सुरुवात करणं अडतं. बाहेरून कुणी ओळखीचा इशारा दिला की पाय सुटतात. मग एक दिवस यांनी हिला सांगितलं, की दहाला गोळी लागू होते, मागच्या दारी जाता येण्यासारखं असतं, पण घरी उठायलाच होत नाही.

"म्हणून मी म्हटलं, डबल बेल देते. दोन रिंगा वाजल्या की निघायचं. तेवढंच हाय ते."

"मग मला का सांगितलं नाही?"

"माझं नाव तुमच्या घरात कोण घेणार?" ती म्हणाली.

मला ते लागलं. पण मी आले होते ते एका प्रश्नासाठी, आणि तो विचारल्याशिवाय मला घरी जाता येणार नव्हतं. मी विचारलं, "आणि सावंतवाडीच्या गाडीचं काय होतं?"

आत मॅडमचे आकडे सुरू झाले होते. मग ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "माझ्या मनात होतं. त्यांच्या नव्हतं. ड्रायव्हरच्या डोक्यावर आरसा असतो, त्यातनं मागचं सगळं दिसतं. दीड वर्ष मी त्या आरशात बघितलं, बाई. त्यांनी आरशातनं माणसं मोजली, पण मला कधी बघितलं नाही. तुम्ही बोलत नव्हता तेव्हा त्यांनी रूट बदलून घेतला. मला सांगितलंसुद्धा नाही. सकाळी गाडीवर गेले तर दुसराच माणूस बसलेला."

तेरा-चौदा वर्षं मी साप साप म्हणून भुई धोपटत होते. साप नव्हता असंही नाही. होता, पण तो दुसऱ्याच्याच जिवात बसला होता आणि त्यालाच डसत होता. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. मीही पायरीवर खाली बसले.

मी म्हटलं, उद्यापासून बेल मी देईन. तिनं मान हलवली. एकच सांगितलं. "एक बेल म्हणजे थांब. दोन म्हणजे माणसं बसली, दार लागलं, सोड गाडी. दोन दिल्यावर कंडक्टरनं तोंड उघडायचं नाही. ओरडलं की ड्रायव्हरला वाटतं, कोणतरी खाली राहिलं, आणि तो ब्रेक दाबतो."

हे ऐकायला सोपं आहे. मला जमलं नाही. दुसऱ्या दिवसापासून दहाला मी पितळी तांब्यावर चमच्यानं दोन टोले द्यायचे, हे उठायचे, आणि माझ्या तोंडून निघायचं, "जपून हं." की झाले जागच्या जागी उभे. मी ओठ दाबून बघितले, तर दाराजवळ गेल्यावर "उंबरा बघा" निघायचं. जन्माची खोड. आणि असं चार दिवस झाल्यावर माझ्या टोल्यांवर ते उठेनासेच झाले. टोले ऐकायचे, आणि माझ्या पुढच्या शब्दाची वाट बघत बसायचे. त्यात माझा अभिमान असा, की नाईक बाईला पुन्हा फोन करायचा नाही. वर्गात चार फेऱ्या, घरी पाऊल नाही. दिवस संपत आले.

बसव जयंतीला विरू आला. सकाळी पूजा झाली, नैवेद्य झाला. विरू खुर्ची ओढून सोप्यात बसला, तपासायला आलेल्या साहेबासारखा. तोही मनातून घाबरलेला होता, ते दिसत होतं. दहा वाजले. मी तांब्यावर दोन टोले दिले. हे हलले नाहीत. पुन्हा दिले. मांडीवरचा हात तेवढा थरथरत राहिला. विरू खाली मान घालून म्हणाला, "ऱ्हाऊ दे अव्वा. त्यांना त्रास होतोय. बॅगा भरू आपण."

मी खिडकीतला फोन उचलून आत गेले आणि तो नंबर लावला. ती म्हणाली, "बोला." मी म्हटलं, "माझ्यानं होईना. पोरगं समोर बसलंय. तेवढी बेल द्या." मला वाटलं, ती काहीतरी बोलेल. ती म्हणाली, "फोन जागेवर ठेवा. आणि पदर तोंडात धरा."

फोन खिडकीत ठेवला. पदराचा बोळा खरंच तोंडात घातला. विरू माझ्याकडं बघायला लागला, की आईला काय झालं. फोन वाजला. एक. दोन. बंद.

हे उठले. पाय उचलला, टाकला. दुसरा टाकला. विरू अर्धवट उठला, त्याला मी हातानं खाली दाबलं. माजघराच्या दारात पायपुसणं होतं, आणि त्याची एक कड दुमडून उभी राहिली होती. सकाळी घाईत मीच ते तिरकं टाकलं होतं. यांचं लक्ष समोर होतं, खाली नव्हतं. तोंडातला पदर मी इतका चावला की दातांत जरीची तार आली. तीन पावलं. दोन. माझा सगळा जन्म त्या एका हाकेत येऊन उभा होता, आणि ती मला मारायची नव्हती. त्यांनी दारात पाय उचलला, चांगला गुडघ्याएवढा, वर्गात काठीवरून टाकतात तसा. दुमडलेली कड पायाखाली आली आणि सपाट झाली. दुसरा पाय पलीकडं गेला. मागच्या दाराची कडी वाजली.

विरू भिंतीकडं तोंड करून चष्मा पुसत राहिला. मीही पदर काढला नाही, कारण आता ओरडायचं नव्हतं तरी तोंडातून काय निघेल त्याचा भरवसा नव्हता.

थोड्या वेळानं हे तसेच, एकटे, परत आले. कॉटवर बसले. खिडकीकडं बघून म्हणाले, "पोचलो म्हणून कळव तिला."

नाव घेतलं नाही. तरी माझ्या घरात, माझ्यासमोर, पहिल्यांदा ते तिच्याविषयी बोलले. विरूनं विचारलं, कुणाला कळवायचंय? मी फोन घेऊन परसात गेले आणि नंबर लावला. पहिल्या रिंगेलाच उचलला.

"पोचले," मी म्हटलं. "जाऊन परत बी आले."

पलीकडून नुसतं टकटक, टकटक ऐकू येत होतं. आधी कळेना. मग कळलं, तिचा हात थरथरत होता आणि फोन कानातल्या रिंगवर आपटत होता. मी ते बराच वेळ ऐकत उभी राहिले. फोन ठेवावा असं मला वाटलं नाही.

मग म्हटलं, "भारती, उद्या बी दे गं. दहाला."